तापीच्या काठाने सायकलवरून

प्रवासाची साधने जसजशी वेगवान होत गेली, तसतसे दूरचे प्रदेश जवळ आले हे खरे. परंतु जवळचे प्रदेश त्याच प्रमाणात दूर गेले, याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. आमच्या परिचयातील कित्येक मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत नैनीतालचा तलाव पाहून येतात, उदयपूरच्या पिछोल्यात नावेतून फिरतात, काश्मीरच्या दल सरोवराची छायाचित्रे आल्यागेल्यास हौसेने दाखवतात. आणि आपल्या गावाशेजारून वाहणारी नदी पुढे कोठे अडवली आहे, तिचे पाणी कोणाच्या शेतात जाते, असे विचारले की क्षणभर थबकतात. यात त्यांचा दोष नाही. मोटारीच्या काचेतून नदी दिसते ती पुलाच्या दोन कठड्यांमधली. तीही अर्धे मिनिट. आगगाडीतून ती पुलाच्या खडखडाटावरून ओळखायची. पायी फिरणाराला नदी खरी भेटते, पण एका दिवसात त्याची मजल ती केवढी!

या दोहोंच्या मधला वेग सायकलचा. ताशी बारा ते पंधरा किलोमीटर हा सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला सहज पेलणारा वेग आहे. या वेगाने जाणाऱ्याला शेतातल्या ओलीचा वास कळतो, चढ पायांना कळतो, उतार वाऱ्याला कळतो. पाणी नेहमी उताराकडे जाते हे शाळेतील पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. सायकलस्वाराला ते गुडघ्यांनी समजते. म्हणूनच ज्यांना आपल्या प्रदेशातले पाणी ओळखायचे आहे, त्यांनी ते सायकलवरून ओळखावे, असे आम्हांस मनापासून वाटते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या खेड्यात राहून आम्ही ज्या वाटा धुंडाळल्या, त्यांपैकी तीन वाटा वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखात विचार आहे.

परदेशांतील उदाहरण

सरोवराच्या काठाने सायकलवरून हिंडणे ही काही केवळ आमच्या डोक्यातली लहर नव्हे. युरोपात कॉन्स्टन्स सरोवराला वेढा घालणारा सुमारे २६० किलोमीटरांचा सायकलमार्ग प्रसिद्ध आहे. हा मार्ग जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जातो. सकाळी एका देशात न्याहारी करावी, दुपारी दुसऱ्या देशात विसावा घ्यावा, आणि दोन्हीकडे उजव्या हाताला पाणी मात्र तेच असावे, अशी तेथील गंमत आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर आपापल्या सायकली घेऊन आठवडाभर या वाटेवर रमते.

जपानातील बिवा सरोवराची कथा आम्हांस याहूनही बोधप्रद वाटते. हे त्या देशातील सर्वांत मोठे सरोवर. त्याची सायकलवरून प्रदक्षिणा सुमारे २०० किलोमीटरांची आहे, आणि २०१९ साली जपान सरकारने या मार्गाला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला. परंतु या सरोवरावरचे लोकांचे प्रेम त्याहून जुने आहे. १९७७ साली बिवाच्या पाण्यावर शेवाळाचा तांबूस थर पसरला आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली. घराघरांतून वापरल्या जाणाऱ्या कपडे धुण्याच्या चूर्णातील फॉस्फरस हे त्याचे एक मोठे कारण होते. हे कळताच काठावरच्या शिगा प्रांतातील गृहिणी पुढे सरसावल्या. त्यांनी ते चूर्ण टाकून साध्या साबणाची चळवळ उभारली आणि १९७९ साली प्रांताच्या शासनाला फॉस्फरसयुक्त चूर्णावर बंदी घालणारा नियम करावा लागला. सरोवर रोज डोळ्यांपुढे होते, म्हणून त्याचा बदललेला रंग त्यांना प्रथम दिसला. जे पाणी आपण पाहतच नाही, त्याचा रंग बदलला काय आणि ते आटले काय, आपल्याला कळणार कसे?

दोन राज्ये, एक नदी

बऱ्हाणपूरचे पाणी म्हणजे तापी. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करीत ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. सूर्यकन्या म्हणून पुराणांनी तिला गौरविले आहे. आपल्या देशातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धावतात. नर्मदा आणि तापी या दोघी मात्र सातपुड्याला मधे ठेवून पश्चिमेची वाट चालतात. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी या नदीच्या खोऱ्यात बऱ्हाणपूर वसले आहे. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी घराण्याच्या नासिरखानाने संत बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाने हे शहर वसवले. पलीकडच्या तीरावरील जैनाबाद हे त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे.

मराठी माणसाचा या भूमीशी असलेला संबंधही आजचा नव्हे. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून जो मुलूख पेशव्यांकडे आला, त्यात बऱ्हाणपूर होते. आणि त्याच वर्षी उत्तरेकडे निघालेले भाऊसाहेबांचे सैन्य बऱ्हाणपुरावरून पुढे पानिपताकडे गेले. पुढे हा प्रदेश शिंद्यांकडे आला, मग इंग्रजांकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. १५ ऑगस्ट २००३ पासून बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शेजारी निमाडी अशी या बाजूची रीत आहे. आणि केळीचा बाग, कपाशी नि ऊस ही सीमेच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, सारखीच दिसतात.

नदीला तर ही सीमा मुळीच ठाऊक नाही. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे पावसाळ्यात केव्हा उघडावेत, हे ठरवताना बऱ्हाणपूर आणि देडतलाई येथे किती पाऊस पडला याचा आकडा पाहिला जातो. दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशात, धरण महाराष्ट्रात. आमच्या कौलांवर पडलेला पाऊस दोन-तीन दिवसांनी भुसावळकरांच्या पुलाखालून जातो. वर्गात तापीच्या उपनद्यांची नावे आमची मुले घडाघडा म्हणतात. पण ही शेवटची गोष्ट सांगितली की त्यांच्या डोळ्यांत जे कुतूहल उमटते, ते नकाशापुढे कधी उमटलेले आम्ही पाहिले नाही. ज्या तीन वाटांची माहिती पुढे देत आहोत, त्या या कुतूहलाच्या समाधानासाठीच आहेत. सर्वांना सोयीचे व्हावे म्हणून अंतरे बऱ्हाणपूर शहरापासूनची आणि ढोबळ मानाने दिली आहेत.

पहिली वाट : न दिसणाऱ्या पाण्याची

पहिली वाट सर्वांत लहान, जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेरची. दहा-बारा वर्षांची मुलेही ती सहज पार करतील. इटारसी-भुसावळ लोहमार्गावरील बऱ्हाणपूर स्थानक लालबाग भागात आहे. तेथून पुढे सातपुड्याच्या दिशेने गेले, की शेतांमध्ये विहिरीच्या काठांसारखे वाटोळे दगडी कठडे एका ओळीत उभे दिसू लागतात. हाच कुंडी भंडारा. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात.

वरून पाहणाऱ्याला येथे पाणी दिसत नाही, म्हणून ही वाट तळ्याकाठची कशी, असा प्रश्न पडेल. परंतु येथले सरोवर जमिनीखाली आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या खडे-वाळूच्या थरांत मुरतो आणि भूमीच्या पोटातून हळूहळू तापीकडे सरकतो. अकबर आणि जहांगीर यांच्या दरबारातील विख्यात सरदार व कवी अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना, १६१५ साली, हे सरकते पाणी मध्येच गाठून शहराकडे वळवण्याची योजना सिद्ध झाली. इराणात अशा भूमिगत कालव्यांची परंपरा फार जुनी आहे. तेथील जाणकाराच्या मार्गदर्शनाने हे काम झाले. शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत खणून त्यांना तळाशी भुयाराने जोडले आणि भुयाराला इतका नेमका उतार दिला, की रहाट नाही, मोट नाही, पंप नाही, केवळ स्वतःच्या ओढीने पाणी शहरापर्यंत यावे.

येथे सायकल उपयोगी पडते ती अशी : एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीकडे जाताना पायडलवर जोर लागेनासा होतो, कारण आपण नकळत उताराने शहराकडे चाललेले असतो. मुलांना थांबवून सांगावे, की आपल्या पायाखाली अगदी याच दिशेने पाणीही चालले आहे. चार शतकांपूर्वीच्या गवंड्यांनी डोळ्यांनी मापलेला उतार मुलांच्या पायांना कळतो. या पाण्यात चुन्याचा अंश पुष्कळ आहे आणि तो भुयाराच्या भिंतींवर साचत राहतो. हा साका आणि भोवतालची खालावत चाललेली भूजलाची पातळी ही या भांडाराची दोन दुखणी आहेत. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला. मान मोठा आहे; पण मानाने पाणी वाढत नाही, हे ध्यानी ठेवलेले बरे.

दुसरी वाट : दोन बंधाऱ्यांमधल्या तळ्याची

दुसरी वाट अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याने सिंघखेड्याच्या बाजूला, म्हणजे एका अंगाने सुमारे वीस-एकवीस किलोमीटर. सकाळी उजाडताना निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. मुख्य रस्ता सोडून गावरस्त्याला लागले, की केळीच्या बागांतून सावली मिळते आणि पुढे उतावळी नदी लागते. नाव उतावळी, पण महाल गुलारा या ठिकाणी ती मोठ्या संयमाने वागते, कारण तेथे तिला एकामागून एक असे दोन बंधारे घातले आहेत. त्यांच्या मधोमध तळे साचते, आणि दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन छोटे महाल उभे आहेत. पाणी भरपूर असले, की वरच्या बंधाऱ्यावरून तळ्यात आणि खालच्या बंधाऱ्यावरून पुन्हा पात्रात अशा दोन शुभ्र चादरी कोसळतात.

ही रचना शाहजहानची. राजपुत्र असताना आणि पुढे बादशहा झाल्यावरही त्याचे बऱ्हाणपुरास दीर्घकाळ वास्तव्य होते. त्याच्या कारकिर्दीचा अब्दुल हमीद लाहोरीने लिहिलेला इतिहास 'पादशाहनामा' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात करारा नावाच्या शिकारीच्या ठिकाणी आधीच्या बंधाऱ्याखाली आणखी एक बंधारा घालून मध्ये तळे केल्याचे वर्णन येते. लोकांच्या तोंडी मात्र गुलारा नावाच्या गायिकेची कथा आहे, आणि आमच्या मते तीही अवश्य ऐकावी. बादशहाचे नाव दप्तरात राहिले, गायिकेचे नाव गावाने सांभाळले.

ऐतिहासिक गोष्ट तेवढ्यावर सोडून मुलांचे लक्ष बंधाऱ्याकडे वळवावे. नदी न तोडता, न वळवता, केवळ तिचा वेग रोखून तळे कसे करता येते, याचा हा नमुना आहे. अशा अडवलेल्या पाण्याने भोवतालच्या विहिरींना पाझर मिळतो, हे कोणताही शेतकरी सांगेल. येथे जाण्याचा उत्तम काळ भाद्रपद-आश्विनाचा. पाऊस ओसरलेला असतो, पाणी टिकून असते आणि रस्ता वाळलेला असतो. ऐन पुरात बंधाऱ्यावर पाय ठेवण्याचे साहस कोणीही करू नये. शेवाळलेला दगड कोणाचीच भीड ठेवत नाही.

तिसरी वाट : संगमाच्या जलाशयाची

तिसरी वाट दोन दिवसांची आणि थोरांची. तापी ओलांडून शहापूरवरून इच्छापूर गाठावे. हे अंतर वीस-बावीस किलोमीटर. नदीच्या या तीरावर, शहराजवळच, जैनाबादचा बाग आहे. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल बऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिचा देह प्रथम याच परिसरात ठेवला होता. आग्ऱ्याला तो त्या वर्षाच्या अखेरीस नेला. इच्छापुरास टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर आहे. दोन्ही राज्यांतील भाविक तेथे येतात. सायकल पायथ्याशी लावून पायऱ्या चढाव्या आणि वरून एकदा तापीचे सबंध खोरे पाहून घ्यावे. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, मधे हिरवा पट्टा, आणि पुढची वाट दक्षिणेकडे उतरत गेलेली.

इच्छापूर सोडले की महाराष्ट्र लागतो. पाट्यांवरचे शब्द बदलतात, पीक बदलत नाही. अंतुर्लीवरून मुक्ताईनगरास पोहोचेपर्यंत बऱ्हाणपुरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. पूर्वीचे एदलाबाद ते हेच. जवळच कोथळीला मुक्ताबाईचे जुने मंदिर आहे, आणि तापीकाठचे मेहूण हे गावही याच परिसरातले. शके १२१९ मध्ये विजेच्या लखलखाटात मुक्ताबाई तापीतीरी अंतर्धान पावली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दरवर्षी तिची पालखी येथून निघून महिनाभर चालत पंढरीस जाते. ज्या वाटेने वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पायी चालले, तिच्या काही भागावर सायकल चालवणाऱ्याने आपल्या श्रमांचा फार डौल मिरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेव गावी जावे. तेथे तापीला पूर्णा येऊन मिळते. चौदाशे वर्षांचा योगी म्हणून गाजलेल्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही कथा मराठी घरांत कोणाला ठाऊक नाही? त्या चांगदेवाच्या नावाचे, यादवकालीन शिल्पकलेने नटलेले दगडी मंदिर संगमावर उभे आहे. मंदिरासमोर जे अफाट पाणी पसरलेले दिसते, तो हतनूर धरणाचा फुगवटा. ४१ दरवाजांचे हे धरण १९८२ साली पूर्ण झाले. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांची शेती आणि भुसावळचे औष्णिक वीजकेंद्र त्याच्या पाण्यावर अवलंबून आहेत.

हिवाळ्यात या जलाशयावर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि आपल्या जुन्या काव्यांत विरहाचे प्रतीक होऊन बसलेले चक्रवाक येथे थव्यांनी दिसतात. सायकलला आवाज नसल्यामुळे ते बुजत नाहीत. मोटार थांबली की उडतात. पक्षी पाहून झाले, की मुलांना काठाचा गाळही दाखवावा. पूर्णेने वऱ्हाडातून आणलेली काळी माती आणि तापीने वरच्या खोऱ्यातून आणलेला गाळ येथे साचतो, आणि धरणाचे पोट वर्षानुवर्षे त्याने भरत चालले आहे. त्यात आमच्या बाजूच्या शेतांची मातीही आहे. उतारावरची जी माती आम्ही बांध घालून अडवली नाही, ती येथे येऊन महाराष्ट्राच्या पाण्याची जागा अडवून बसली आहे. नकाशावर शंभर वेळा बोट ठेवून जे कळले नसते, ते चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल दामटल्यावर एका दृष्टिक्षेपात कळते.

तयारीविषयी थोडे

या वाटांसाठी महागड्या सायकलीची गरज नाही. साधी मजबूत सायकल, चालू स्थितीतले दोन्ही ब्रेक, तेल दिलेली चेन आणि हवा भरलेली चाके एवढे पुरे. सीटची उंची मात्र नीट बेतावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. बहुतेकांचे गुडघे दुखतात ते अंतरामुळे नव्हे, सीट खाली असल्यामुळे. बांधाबांधांवर बाभळी आहेत, तेव्हा पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब आणि हातपंप बरोबर असावाच. गिअरची सायकल असेल तर चढावर वेळीच हलका गिअर घ्यावा, आणि नसेल तर उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून जोराने वाहतो, त्यामुळे मुक्ताईनगरची वाट तेव्हा अंगावर येते. ती कार्तिक ते माघ या काळात करावी. चैत्र-वैशाखात येथे ऊन असह्य असते आणि त्या दिवसांत सायकलवर दूर जाणे प्रकृतीला धोक्याचे आहे. इच्छापूरच्या महामार्गावर मालमोटारींची वर्दळ मोठी असते. तेथे एकामागे एक असे चालावे, भडक रंगाचे कपडे आणि डोक्याला शिरस्त्राण घालावे, मागे तांबडा दिवा लावावा, आणि सूर्यास्तानंतर त्या रस्त्यावर राहू नये. समांतर गावरस्ता असेल तर तोच धरावा. चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. शिदोरीला भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि या भागाची केळी. पाणी प्रत्येकाने आपले आपण वाहावे. परत आल्यावर बऱ्हाणपूरची मावा-जिलेबी आणि दराबा यांवर घरच्यांची हरकत नसावी.

हे सारे कशासाठी?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हौस म्हणून हे ठीक आहे. पण त्याचे एवढे महत्त्व ते काय? ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

आमच्या भागात केळीने समृद्धी आणली, आणि केळीला बारमाही पाणी लागते. विहिरींनी तळ गाठले, मग कूपनलिका आल्या, आणि त्याही वर्षागणिक खोल खोल जात आहेत. जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळ पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचा गौरव झाला. नळ दारी आला ही आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारी मोठी गोष्ट आहे. परंतु नळ हा पाण्याचा रस्ता आहे, झरा नव्हे. विहिरीवर जाणाऱ्या बाईला पाणी किती खाली गेले हे दोर सांगत असे. नळ ते सांगत नाही. जे ज्ञान कष्टाबरोबर आपोआप मिळत होते, ते कष्ट गेल्यावर मुद्दाम मिळवावे लागणार आहे.

दरम्यान १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांमध्ये तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. खारिया-गुटीघाट येथे तापीवर बंधारा घालून पुराचे पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडे न्यावे आणि तेथील खडे-वाळूच्या थरांत मुरवावे, अशी ही कल्पना आहे. जळगावकडे या थरांना बझाडा म्हणतात. १६१५ साली कुंडी भंडाऱ्याने याच जातीच्या थरांतून पाणी काढले. आता त्यांत पाणी परत घालण्याचा विचार चालू आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती इतक्या जिल्ह्यांचे भवितव्य त्यात गुंतलेले आहे. कोणाची जमीन जाईल, कोणाच्या विहिरीला पाणी येईल, अरण्याचे काय होईल, कालव्यात गाळ साचला तर तो कोण काढील, असे शेकडो प्रश्न पुढल्या काळात उठतील. त्यांची उत्तरे आज आमच्या बाकांवर बसलेल्या मुलामुलींना द्यायची आहेत. ज्यांनी नदीचे वरचे टोक पाहिले नाही आणि खालचेही नाही, ती उत्तरे देतील ती कशाच्या आधारावर?

आणि साधन तर त्यांच्या दारात उभे आहे. आमच्या राज्यात, आपल्या गावी पुढचा वर्ग नसल्यामुळे दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शासन सायकल देते. मुलींपासून सुरू झालेली ही योजना पुढे मुलांपर्यंत पोहोचली. या सायकलीने किती मुलींचे शिक्षण वाचवले, हे आम्ही जवळून पाहत आलो आहो. पण तीच सायकल रविवारी अंगणात धूळ खात पडते, आणि मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मोटारसायकलीचे डोहाळे लागतात. सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, ही समजूत शहरांनी आता कोठे टाकायला सुरुवात केली आहे. खेड्यांनी ती घट्ट धरून ठेवली आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. शाळेपर्यंत सायकल चालवलेली चालते. नदीपर्यंत चालवली तर लोक काय म्हणतील? आमचे पालकांना सांगणे असे, की महिन्यातून एक रविवार आपण स्वतः मुलीबरोबर निघावे. काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्यावे. लोक प्रथम पाहतील, मग विचारतील, आणि चौथ्या-पाचव्या खेपेस त्यांचीही मुले मागोमाग येतील.

महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना आपली मुळे शोधण्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची सवय जडली आहे. ते पाहणे योग्यच आहे. परंतु ज्या मातीत तीन-चार, कोठे आठ-दहा पिढ्या राबल्या, तिचे ऋणही तितकेच मोठे आहे. इंदूरच्या कुटुंबाला सिरपूर आणि यशवंतसागर, भोपाळच्या कुटुंबाला बडा तलाव, बडोद्याच्या कुटुंबाला आजवा, ग्वाल्हेरच्या कुटुंबाला तिघरा, हैदराबादच्या कुटुंबाला उस्मानसागर : प्रत्येकाच्या गावाजवळ एक ना एक पाणी आहे, आणि ते कोणी अडवले, कोठून येते, कोठे जाते याची एक कथा आहे. ती कथा आपल्या मुलांना मराठीत सांगावी आणि त्या पाण्यापर्यंत त्यांना सायकलवरून न्यावे. पाणी ओळखीचे झाले, की ते सांभाळावेसे वाटते. आणि ज्या भाषेत त्याची ओळख झाली, ती भाषाही मुले मग सहसा टाकून देत नाहीत.